साडेपाचचे पाणी

कासारवाडीच्या सार्वजनिक विहिरीत रोज सकाळी सात वाजता ब्लीचिंग पावडर टाकण्याचे काम १९७४ साली माझ्याकडे होते. आठ वाजता पाण्याचा नमुना काढून त्यात तपासणीचे द्रावण टाकायचे. पाणी पिवळे झाले, म्हणजे औषध पुरेसे आहे. तीन महिने नमुना रोज पिवळाच येत होता. तरीही वस्तीतले जुलाब-उलट्या थांबत नव्हत्या. पावडर जुनी असेल असे मानून मी नवे पिंप उघडले. काही फरक पडला नाही.

जुलैच्या शेवटी विहिरीजवळ राहणाऱ्या खैरुन्निसाबींची तीन वर्षांची नात मदिना आजारी पडली. मी गेलो तेव्हा पोरीचे डोळे खोल गेले होते. शेजारचा मेकॅनिक इकबाल तिला पुण्याच्या इस्पितळात नेण्यासाठी टेम्पो काढत होता. मी सवयीने घरातल्या हंड्यातले पाणी बाटलीत घेतले, द्रावण टाकले. रंग आला नाही.

"हे पाणी कुठले?"

"तुमच्याच इहिरीचं, साहेब," खैरुन्निसाबी म्हणाल्या. "साडेपाचला भरलंय, पावडर पडायच्या आधी. सगळ्याच भरतात."

शेजारच्या सरूबाई दारातूनच बोलल्या, "मग काय तर! त्या वासाच्या पान्याचा चहा केला, तर आमचं मालक म्हंत्यात, संडास धुऊन आनलंस का काय! तुमी सातला येता, म्हनून आमी साडेपाचला उठतो. झोपमोड तुमच्यामुळंच हाय."

आदल्या दिवशीच्या पावडरीचा जोर दुपारीच संपे आणि रात्रभर शेजारच्या नाल्याचा पाझर विहिरीत उतरे. पहाटे वस्ती नेमके तेच पाणी भरत होती. सातची वेळ माझ्या पाळीच्या सोयीची होती. तंत्रनिकेतनात शिकलेला मी रोज विहीर तपासत होतो. हंडा तपासावा, हे तीन महिने सुचले नव्हते.

टेम्पो गेला. त्याच संध्याकाळी, शेवटची बाई पाणी भरून गेल्यावर, मी वाढीव मात्रेने पावडर टाकली. पहाटेपर्यंत वास बराचसा उडाला, औषध थोडे उरले. नगरपालिकेच्या खात्याने ओव्हरटाइम नामंजूर केला. पाळी संपल्यावर मी तसाच रोज पावडर टाकायला जात राहिलो. पाय सुजू लागले.

नवव्या दिवशी मदिना घरी परतली. हातांच्या काड्या झाल्या होत्या.

"हिला आता कोनतं पानी देऊ?" खैरुन्निसाबींनी विचारले.

"उकळून द्या."

"आन् रॉकेल? ते तुमी आनून देता?"

मी हंड्यातले पाणी घेऊन द्रावण टाकले. फिकट पिवळे झाले.

"मग असेच द्या."

त्यांनी पेला भरला, पण पोरीला न देता माझ्यापुढे धरला. "आधी तुमी प्या."

मी दोन घोट घेतले. उरलेले मदिनाने घटाघटा संपवले आणि पेला पुन्हा आजीकडे केला. मी उंबऱ्यावर बसलो. उठण्याचे त्राण नव्हते, आणि पोरीच्या पोटात ते पाणी ठरते की नाही, हे पाहिल्याशिवाय निघवतही नव्हते.