निजायच्या खोलीची खिडकी
निपाणीजवळच्या जिनपाल अण्णांच्या घरी डॉक्टरीणबाई मेडिकलची मुलं घेऊन आल्या. अण्णांची बायको चंदना दम्यानं गेली होती आणि आता सून सोनल खोकत होती.

"काकू बिडी ओढायच्या?" एका मुलानं विचारलं.

"जैनाची बाई रं ती! लसूणबी कधी खाल्ला न्हाय तिनं," अण्णा म्हणाले.

डॉक्टरीणबाई मुलांना म्हणाल्या, "माणूस कुठल्या हवेत निजतो, तेही विचारावं."

अण्णांनी निजायच्या खोलीकडं पाहिलं. तिथं तंबाखूची पोती आढ्यापर्यंत रचलेली होती. माल वाळून वजनात घटू नये म्हणून खिडकी कायम बंद असायची. चंदना तिथंच निजायची, आता सोनल निजत होती.

अण्णा उठले आणि खिडकी उघडू लागले.

"मामा, माल वाळंल की!" सोनल सासऱ्यांना म्हणाली.

"वाळू दे गं."