कानाचं काम

मिस्त्रींचा सगळा विश्वास स्वतःच्या कानावर होता. डोळे फसवतात, मालक तर फसवतातच, पण इंजिन कधी खोटं बोलत नाही, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे, मग त्याला घाई असो वा नसो. जुनी गाडी दारात आली की आधी बॉनेट उघडायचं नाही. मालकाला सांगायचं, चालू ठेवा आणि गप्प बसा. मग डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून उभं राहायचं. दोन मिनिटांत निदान तयार: तिसरा प्लग गेलाय, किंवा कार्बोरेटर पेट्रोल जास्त पितोय. बॉनेट उघडल्यावर नेमकं तेच निघायचं. शहरात हौसेने जपलेल्या जुन्या गाड्या असतील तीस-चाळीस, आणि त्यांच्या बाबतीत मिस्त्रींचा शब्द शेवटचा.

एका गॅरेजवाल्याने एकदा त्यांना ट्यूनिंगचं मीटर आणून दाखवलं. सुई मधोमध आली की गाडी बरोबर. मिस्त्रींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि ‘बहिऱ्यांसाठी बरं आहे’ म्हणून परत केलं. हा किस्सा पुढे त्यांनी इतक्यांदा सांगितला, की तो सुरू झाला की बायको उठून आत जायची.

नव्या गाड्यांचा त्यांना तिटकारा होता, आणि त्यातही हायब्रिडचा विशेष. थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर, म्हणजे धड ना इकडची ना तिकडची. बिघडली तर दुरुस्त करायची सोय नाही. आतला डबा काढायचा, दुसरा बसवायचा, आणि काही वर्षांनी मोठी बॅटरी गेली की अख्खी गाडीच भंगारात. असल्या गाडीपेक्षा कागदी कप बरा, तो फेकायच्या आधी निदान चहा तरी पाजतो, असं ते म्हणायचे.

दुखणं हे, की त्यांची एकुलती एक लेक नेमकी असल्याच गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला होती. वर तिने तसलीच एक पांढरी गाडी घेऊन दारात उभी केली होती.

ती तिकडे का गेली याचं उत्तर मिस्त्रींना ठाऊक होतं, पण त्या उत्तराकडे ते बघत नसत. चौदा वर्षांची असताना ती शाळेतून आली की दप्तर टाकून गॅरेजच्या खिडकीत बसायची. एक दिवस म्हणाली, बाबा, मला हे शिकवा. मिस्त्री कार्बोरेटरमध्ये गुंतलेले. मान वर न करता म्हणाले, “हे कानाचं काम आहे. कान शिकवून येत नाही, तो असावा लागतो.” झालं, विषय संपला. तिला तो आहे की नाही हे बघायला दोन मिनिटं पुरली असती. ती दोन मिनिटं त्यांनी दिली नाहीत. पुढे बाहेरचे दोघेजण त्यांच्या हाताखाली शिकून गेले. इंजिन मिसिंग मारत, म्हणजे मध्येच अडखळत असलं तरी त्या दोघांना पत्ता लागत नसे, पण त्यांना मात्र वर्षानुवर्षं शिकवलं. लेक त्या खिडकीतून उठली ती परत तिथे बसली नाही.

एका रविवारी सकाळी मिस्त्रींना लेकीच्या गाडीत बसणं भाग पडलं. त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं आणि त्यांची स्वतःची गाडी खोलून ठेवलेली. बायको मागे बसली, मिस्त्री पुढे, परीक्षा घ्यायला आल्यासारखे. गाडी निघाली तर आवाज नाही. पूल ओलांडला, मोठा चढ लागला, तरी आवाज नाही. मिस्त्रींना मनातून बरंच वाटलं, कारण बोलायला आयता विषय मिळाला.

“ही गाडी आहे की उशी?” ते म्हणाले. “एवढा चढ चढतेय, पण हूं की चूं नाही. सगळं बॅटरीवर. मग इंजिन काय शोभेला ठेवलंय?”

लेकीने आरशातून आईकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “बाबा, इंजिन चालू आहे.”

“कधीपासून?”

“पुलापासून. आणि चांगलंच ओरडतंय.”

मिस्त्रींनी डॅशबोर्डवर हात टेकवला. हाताला थरथर लागली. कानाला काहीच नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं, तर बायको खिडकीबाहेर बघत होती, अगदी मन लावून. बायको नि लेक अलीकडे चढ्या आवाजात बोलतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एकीचं वय झालं आणि दुसरी तिच्यावर गेली, असं समजून ते दोघींना माफ करत आले होते. आज कळलं, की दोघीही त्यांच्यासाठीच मोठ्याने बोलत होत्या.

बहिणीकडे ते दिवसभर गप्प होते. दादा आज शहाण्यासारखा वागतोय, असं बहीण म्हणाली आणि एकटीच हसली.

कान गेला याचं वाईट वाटलंच. पण परतीच्या वाटेवर एक वेगळाच विचार डोक्यात शिरला आणि त्याने त्यांची झोप उडवली. आपल्याला ऐकू येत नाही, तर इतके दिवस आपण ट्यून करून दिलेल्या गाड्या नीट चालतात कशा? एकाचीही तक्रार कशी नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते वकीलसाहेबांच्या घरी गेले. वकीलसाहेबांची हिरवी गाडी मिस्त्रींच्याच वयाची, आणि येत्या रविवारी ती जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात उभी राहणार होती. साहेब दिवसभर दुसऱ्यांची उलटतपासणी घ्यायचे, पण स्वतः एकाच प्रश्नात ढेपाळले. माझ्याकडून गाडी नेल्यावर ती कुणाला दाखवता, असं मिस्त्रींनी विचारलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सांगून टाकलं.

गेली दोन वर्षं जुन्या गाड्यांचे सगळेच मालक मिस्त्रींकडून निघाले की थेट सर्व्हिस सेंटरच्या मागच्या रस्त्यावर जात. जेवणाच्या सुट्टीत ताई, म्हणजे मिस्त्रींची लेक, बाहेर येई, डोळे मिटून गाडीपाशी उभी राही, कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवी आणि निघून जाई. लोकांनी तिला विचारलंही होतं, की मग पहिल्यापासून तुमच्याकडेच का आणू नये.

“तर म्हणाली, आधी बाबांकडे न्यायची,” वकीलसाहेब म्हणाले. “तिकडून आली नसेल तर मी हात लावणार नाही.”

मिस्त्री चहा न घेताच उठले. डोळे मिटून उभी राही, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. तिला कान होता. पहिल्यापासून होता. आणि असल्या कानाची पोरगी आपण नेऊन घातली कुठे, तर जिथे ऐकण्यासारखं काही नाही, नुसते डबे बदलायचे, तिथे. आधी त्यांना लाज वाटली, मग लेकीचा राग आला, आणि घरी पोचेपर्यंत रागही टिकला नाही.

दोन दिवस त्यांनी मनाची तयारी केली. तिसऱ्या दिवशी लेक कामावरून आली तेव्हा ते दारातच बसले होते. आडवळणाने बोलायची सवय नव्हती, त्यामुळे सरळ म्हणाले, “नोकरी सोड. गॅरेज तू घे. माझं काय शिकवायचं राहिलंय ते शिकवतो.”

लेक पायरीवर बसली. तिला सगळं कळलंय हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. वकीलसाहेबांच्या पोटात काही राहत नाही.

“बाबा, माझी बदली झालीय,” ती म्हणाली. “एक तारखेला दुसऱ्या शहरात जायचंय. तिकडच्या सेंटरची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे.”

“तिकडे ऐकायला काय आहे?”

“काही नाही.”

“मग राहा की इथे.”

“वीस वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर नाचत राहिले असते,” लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून मिस्त्रींना ते जास्त लागलं. “आता तिकडे माझं घर ठरलंय, हाताखाली माणसं आहेत. आता नाही जमणार बाबा.”

मिस्त्रींनी मान हलवली. मग एकच मागितलं. वकीलसाहेबांची गाडी प्रदर्शनाआधी एकदा तिने बघावी. मागच्या रस्त्यावर नाही. इथे, गॅरेजमध्ये, सगळ्यांदेखत.

शनिवारी दुपारी ती आली. वकीलसाहेबांनी गाडी आत घेतली आणि मिस्त्रींनी आजवर दुसऱ्याच्या हातात न दिलेला आपला स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. तिने गाडी चालू ठेवायला सांगितली. डोळे मिटले. मान जराशी तिरकी केली. मिस्त्री बघत राहिले. ते स्वतः असे उभे असताना कसे दिसत असतील हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिने स्क्रू थोडा आत घेतला, थांबली, केसभर मागे सोडला, आणि सरळ उभी राहिली. वकीलसाहेब खूश होऊन हसत होते, म्हणजे जमलं असावं.

मग ती वडिलांकडे वळली. “बाबा, बरोबर आहे?” तिने विचारलं.

विचारून झाल्यावर तिच्याही लक्षात आलं असणार, पण शब्द निघून गेला होता. मिस्त्री पुढे झाले. कान इंजिनपाशी नेला. बॉनेटवर हात ठेवला, थरथर एकसारखी होती, पण हाताच्या साक्षीवर त्यांनी आयुष्यात कधी कुणाला पास केलं नव्हतं. ‘छान’ म्हणून टाकणं सोपं होतं. गिऱ्हाइकाला म्हणाले असते. लेकीला म्हणवेना. तो एक शब्द तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि आज द्यायची इच्छा होती तर तो खरा की खोटा हेच त्यांना कळत नव्हतं.

“मला ऐकू येत नाही गं,” ते म्हणाले. “तूच सांग.”

लेकीने स्क्रूड्रायव्हर फडक्याला पुसला. पुसून झाला तरी ती पुसतच राहिली.

“बरोबर आहे, बाबा,” ती म्हणाली. ते नुसतेच तिच्या तोंडाकडे बघत राहिले, म्हणून तिने तेच पुन्हा एकदा मोठ्याने म्हटलं.