साठ बोल्ट, राखाडी

सासऱ्यांनी चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली. म्हातारपणी दृष्टी अधू झाली, पण शब्दांची खोड काही सुटली नाही. सून कामावरून आली, चहा झाला की ते म्हणत, "हं, काढ डिक्शनरी." मग ती त्यांना रोज एक इंग्रजी शब्द वाचून दाखवी.

एका संध्याकाळी 'बोल्ट' निघाला.

"हा तर आपल्या घरचाच," सासरे खूश झाले. "दाराचा बोल्ट."

"आणि नटाचा जोडीदार," ती म्हणाली. पण पुढे वाचताना दोघं चक्रावली. मुळात बोल्ट म्हणजे आखूड, जाड बाण. पुढे दाराच्या दांड्याला तेच नाव पडलं, कडाडून पडणाऱ्या विजेलाही. बाणासारखा घोडा उधळला तरी बोल्ट. आणि कापडाचा गुंडाळलेला तागा, तोही बोल्टच!

"एका शब्दाचा केवढा हा गोतावळा!" सासरे म्हणाले.

ती शिवणकारखान्यांना माल पुरवणाऱ्या कंपनीत पॅकिंगला होती. कापड, धागे, मशीनचे सुटे भाग, सगळं तिथून जाई. पंधरवड्याने परदेशी गिऱ्हाइकाची पहिलीच ऑर्डर आली. डिस्पॅचच्या साहेबांनी तिच्यापुढे एक लहानसं खोकं आपटलं. आत नुकताच राखाडी रंग दिलेले साठ लोखंडी बोल्ट होते.

"नीट बांध. तीनच्या गाडीने जायचेत."

तिने ऑर्डरचा कागद पाहिला. साठ बोल्ट, राखाडी.

"साहेब, हे लोक गणवेश शिवतात ना? मग हे कापडाचे तागे असतील. बोल्ट म्हणजे तागासुद्धा."

"अस्सं? आता पॅकिंगवाली मला इंग्रजी शिकवणार!"

सगळे खो-खो हसले. तिचे कान तापले. पण तिने खोक्यावरचे हात काढून घेतले.

"मग मशीनचे बोल्ट राखाडीच कशाला हवेत? एक फोन करून विचारा."

"गाडी चुकवतेस काय? बांध मुकाट्याने!"

तिने खोकं उचललं आणि तडक मालकीणबाईंच्या केबिनमध्ये नेलं. मागोमाग साहेबही लालबुंद होऊन आले. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं, गिऱ्हाइकाचा नंबर फिरवला, स्पीकर चालू केला आणि फोन तिच्याकडे सरकवला.

"शंका तुझी ना? मग तूच विचार."

तिने फोन जवळ ओढला. आयुष्यात ती कधी कुणाशी इंग्रजीत बोलली नव्हती.

"सर... बोल्ट... स्क्रू ऑर क्लॉथ?"

पलीकडून आधी "स्क्रू?" असा प्रश्न आला. मग मोठ्ठं हसू. "क्लॉथ, मॅडम! क्लॉथ!"

दारात गोळा झालेल्या पॅकिंगच्या बायकांनी असा काही गलका केला की खालचा ड्रायव्हर काय झालं ते बघायला धावत वर आला. पुढचा तासभर कुणी उसंत घेतली नाही. साठ तागे खांद्याखांद्यावरून गाडीत चढले. शेवटचा तागा साहेबांनी स्वतः उचलला, मान खाली घालून.

तीनला पाच मिनिटं कमी असताना गाडी फाटकाबाहेर पडली. बाई म्हणाल्या, "सोमवारपासून तू ऑफिसात बसायचं. प्रत्येक ऑर्डर आधी तुझ्या टेबलावर."

घरी सासऱ्यांनी सगळी हकीकत तिच्याकडून तीनदा वदवून घेतली. मग भिंतीचा आधार घेत गॅलरीत गेले आणि शेजाऱ्यांना हाका मारू लागले, "अहो, बाहेर या! आमची सून परदेशाशी बोलली आज!"