फळीखालची भिंत

"ही सही तुमचीच ना?" इंजिनिअर मॅडमनी रजिस्टर वळवून समोर धरलं.

चोखकाकांनी चष्मा लावला. खरं तर गरज नव्हती. एकोणतीस वर्षं धक्क्यावर उभं राहून भरतीचं माप लिहिणाऱ्या माणसाला स्वतःची सही ओळखायला चष्मा कशाला? पण शाळेच्या हॉलमध्ये अख्खी गल्ली बसली होती आणि उत्तर द्यायला जरा वेळ हवा होता.

"माझीच."

"मग बघा. दहा वर्षांत पाणी पाच वेळा चार मीटरच्या वर गेलं असेल, तर ती वस्ती स्थलांतराच्या यादीत येते. वरच्या माळावर घरं मिळतात. तुमच्या नोंदीत पाणी एकदाही चारच्या वर गेलेलं नाही. म्हणजे गल्लीत शिरतं ते गटाराचं."

"गटाराचं?" मागून शिंपी उठला. "मॅडम, माझी दोन मशीनं गंजून गेली. गटाराच्या पाण्यात मीठ कोण टाकतं?"

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. बाई वाईट नव्हती. तिच्यापुढे कागद होता आणि कागदावर काकांचं मोत्यासारखं अक्षर होतं. हरकती शुक्रवारपर्यंत घेऊ, असं सांगून तिने रजिस्टर मिटलं.

बाहेर काकांशी कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. शिंप्याने फक्त विचारलं, "काका, तुमच्या घरातलं पाणी आपण दोघांनी मिळून उपसलंय. तिकडे चार कसं हो लिहिलंत?"

उत्तर साधं होतं, म्हणूनच सांगायची लाज वाटत होती. धक्क्याच्या भिंतीवर एक रंगवलेली पट्टी आहे. तळाशी शून्य, माथ्याला चार. नोकरीच्या पहिल्या दिवशी जुन्या साहेबांनी बजावलं होतं, "पट्टीवर दिसेल तेवढंच लिहायचं. अंदाजपंचे काही चालणार नाही." काकांनी ती काळ्या दगडावरची रेघ मानली. चोखकाका हे नाव त्यातूनच पडलं. तेव्हा पाणी साडेतीनला टेकलं तरी लोक बघायला यायचे. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी पट्टी पूर्ण बुडाली. काका बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी ४.०० लिहिलं. त्याच्या वर पट्टीच नव्हती.

पट्टी वाढवून द्या, अशी तीन पत्रं त्यांनी ऑफिसला लिहिली. एकाचं उत्तर आलं. 'नोंदी पाहता पाणी चार मीटरच्या वर जात नसल्याने वाढीव पट्टीची आवश्यकता दिसून येत नाही.' तेव्हा काका पोट धरून हसले होते आणि काकूंनाही वाचून दाखवलं होतं. आज हसू येत नव्हतं.

घरी काकू स्टुलावर चढून साखरेचा डबा काढत होत्या. गुडघा दुखतो म्हणून एक हात भिंतीला.

"उतर आधी. मी काढतो."

"तुम्ही काढालच. वर चढवूनही तुम्हीच ठेवलाय."

ते खरं होतं. घरात पाणी येऊन गेलं की काका स्वयंपाकघरातली खालची फळी पाण्याच्या डागाच्या वीतभर वर सरकवायचे. खालची वर गेली की तिच्यावरच्या दोन्ही वर. असं करत करत साखर छताला लागली होती.

काकांनी सुनावणीचं सगळं सांगितलं. "माझ्यामुळे गल्ली बुडाली," ते म्हणाले.

काकूंनी खालच्या फळीखालचे रिकामे डबे एकेक करून बाजूला ओढले. मागे भिंतीवर अकरा आडव्या रेघा होत्या, स्क्रूड्रायव्हरने कोरलेल्या. फळी किती वर न्यायची ते कळावं म्हणून काकांनीच त्या ओढल्या होत्या. मापाची सवय हाताला लागलेली, त्यामुळे प्रत्येक रेघेशेजारी तारीख आणि जमिनीपासूनची उंची.

"तिकडे काय लिहिलंत ते राहू द्या. हे बघा."

"ते घरचं आहे. रेकॉर्ड नव्हे."

"अक्षर तुमचंच ना?"

काकांनी एका तारखेवरून बोट फिरवलं. दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचं. जाता जाता स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की माझं रजिस्टर चुकलंय. त्यापेक्षा कोणी थोबाडीत मारलेली परवडली.

"आणि यादीत आलो तर हे घर सोडावं लागेल," ते म्हणाले.

"घर जातंच आहे हो. आपण त्याच्याबरोबर जायचं का, एवढंच बघायचं."

शुक्रवारी काका हॉलमध्ये उभे राहिले. "मॅडम, जिथे जिथे बरोब्बर ४.०० लिहिलंय, तिथे पट्टी बुडालेली होती. मला पाणी वर दिसत होतं. मी लिहिलं नाही. शेऱ्याचा रकाना होता, त्यातही नाही. चूक माझी आहे, गल्लीची नाही."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मॅडमनी त्याच दुपारी दोन माणसं आणि उंची मोजायची दुर्बीण घेऊन काकूंचं स्वयंपाकघर गाठलं. ओट्याशी उकिडव्या बसून त्या एकेक तारीख वाचत होत्या आणि मांडीवरच्या रजिस्टरात शोधत होत्या. अकराच्या अकरा दिवशी तिथे ४.०० होतं. धक्क्याच्या पट्टीच्या मापाने सगळ्यांत खालची रेघही चारच्या वर होती आणि सगळ्यांत वरची चार मीटर सेहेचाळीस सेंटीमीटरची निघाली. मॅडम उठल्या, साडीची ओली कड झटकली आणि म्हणाल्या, "काका, रजिस्टरपेक्षा ही भिंत चोख आहे."

काकांना ते लागलं. पण त्यांनी मान डोलावली.

पुढच्या वर्षी गल्ली माळावर गेली. नव्या घराला सगळ्यांत आधी फळी लावायची ठरली. काकांनी टेप काढला.

"टेप कशाला? माझा हात जातो तिथे लावा," काकू म्हणाल्या आणि भिंतीशी उभ्या राहून त्यांनी हात सरळ पुढे केला. काकांनी तिथेच भोकं पाडली. फळी बसली. रेघ ओढली नाही, तारीखही घातली नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसत होता. लांबवर, बोटभर रुंद, निळा. इतक्या लांबून तो चढतोय की उतरतोय, काही कळत नव्हतं.

"आत्ता भरती आहे का हो?" काकूंनी डबे पुसता पुसता विचारलं.

"इथून दिसत नाही."

"अंदाज सांगा की."

काकांनी घड्याळ पाहिलं. तिथी मनात मोजली. मग आयुष्यात पहिल्यांदा अंदाज सांगितला.

"आपल्या जुन्या स्वयंपाकघरात असेल. खालच्या फळीपर्यंत."

काकूंनी साखरेचा डबा उचलला आणि हात न उंचावता फळीवर ठेवला.