संत बसा

धाकटी सिस्टर ऐंशीला टेकली होती, तरी शाळेत सगळे तिला धाकटीच म्हणत. ती आली तेव्हा मठ मोठ्या सिस्टरांनी भरलेला होता. एकेक करून त्या देवाघरी गेल्या; नाव तेवढं हिला चिकटून राहिलं. आता मठ बंद होणार होता. शाळा नव्या समितीच्या हाती जाणार आणि धाकटी उद्या वृद्ध सिस्टरांच्या घरी.

ही शाळा काढली थोरल्या मदरनं. ती बोटीनं परदेशातून आली आणि इथली भाषा स्वयंपाकिणीकडून शिकली. त्यामुळे बिशपांशीसुद्धा ती फोडणी जळाल्यासारखी बोले. जिभेला ‘श’ मात्र शेवटपर्यंत वळला नाही. वर्गात कालवा झाला की ती ‘शांत बसा’ऐवजी ‘संत बसा’ म्हणे. पोरांना वाटलं, संतांसारखं बसायचं असेल. सगळी पोरं हात जोडून, डोळे मिटून बसली. वर्ग चिडीचूप, आणि मदर आपल्या भाषेवर खूश! पुढच्या सिस्टरांचा ‘श’ चांगला ठणठणीत होता, पण त्याही ‘संत बसा’च म्हणत आल्या.

नव्या मुख्याध्यापिका बाईंना शुद्ध भाषेचं भारी वेड. त्यांनी आल्या आल्या ते बंद केलं. धाकटीला फार लागलं. इमारत जाईना का, पण हा शब्द मागे राहावा एवढीच तिची इच्छा होती. ती बाईंकडे एकदा बोललीही. बाई नम्रपणे म्हणाल्या, “सिस्टर, चुकीचं कसं शिकवू?” चूक ती चूकच होती.

निरोप समारंभाला मुलं, आईबाप, आजीआजोबा, सगळे याच शाळेचे. सभागृहात नुसता मासळीबाजार. बाई माइकवरून ‘शांत बसा, शांत बसा’ म्हणत राहिल्या. पालथ्या घड्यावर पाणी. घसा बसला तशी त्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती मान खाली घालून डोळे पुसत होती. बाईंनी माइक जवळ घेतला.

“संत बसा.”

टक्कल पडलेल्या आजोबांपासून पहिलीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. बाई बघतच राहिल्या.

कोण डोळे किलकिले करतंय ते पाहायला धाकटी आयुष्यभर डोळे उघडे ठेवून उभी राहिली होती. आज तिनंही हात जोडले आणि डोळे मिटले.

बाईंनी वाकून हळूच विचारलं, “सिस्टर, आता यांना उठवायचं कसं?”

“बसू द्या जरा,” धाकटी म्हणाली.