सहीपुरतं पान

"या पानावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"काही नाही. त्यावर तुझी सही हवी," लेक म्हणाली.

"काही लिहिलंच नाही, तर सही कशावर करू?"

माझ्या मृत्युपत्राचं ते चौथं पान होतं. वरच्या बाजूला एक चौकट, तिच्यात माझ्या सहीची रेघ, तारखेची जागा आणि खाली दोन साक्षीदार. बाकी सगळं पान पांढरं. काल संध्याकाळी तिने घरी आणून दाखवलेले कागद तीनच होते. मी मोजले होते.

लेक नोंदणी कचेरीसमोरच्या दुकानात काम करते. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, मृत्युपत्रं तिथे तयार करून मिळतात. आता कोणी बसून सगळं टाइप करत नाही. प्रत्येक कागदाचा साचा लेकीने कॉम्प्युटरमध्ये बसवून ठेवला आहे. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, घराचा तपशील भरला की मजकूर आपोआप आपापल्या जागी जातो आणि पानं बाहेर पडतात. मालक तिच्यावर खूश असतो. मला मात्र ते ‘आपोआप’ पहिल्यापासून रुचलेलं नाही. हाताने केलेली लबाडी निदान हाताला विचारता येते.

माझा स्वभावच संशयी, असं घरचे म्हणतात. म्हणोत. मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी मोजून घेण्यात आयुष्य काढलं. तिथे गठ्ठा सोडून मोजल्याशिवाय कोणी कोणाचं ऐकत नसे. एकदाच मी न मोजता विश्वास टाकला होता. वडील गेल्यावर भावाने कोऱ्या कागदाच्या तळाशी माझा अंगठा घेतला. "मजकूर मागाहून लिहून घेतो, तू दमली आहेस," म्हणाला. मागाहून त्याने तो लिहिला, अगदी मनासारखा. त्याच्या मनासारखा. त्यानंतर मी लेकीच्या शेजारी पाटी घेऊन बसले. ती तेव्हा पाचवीत होती आणि माझे केस पिकायला लागले होते.

"काल तीन पानं होती," मी म्हटलं. "रातोरात काय वाढवलंस?"

"तूच वाढवायला सांगितलंस ना जेवताना? ते कलम."

ते खरं होतं. घर दोन खोल्यांचं. मुलगा आणि मुलगी दोघांना सारखं, हे आधीच ठरलेलं. मुलगा त्याच्या संसारात, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. लेक नवऱ्याचं घर सोडून एक ट्रंक घेऊन परत आली, ती माझ्याजवळच आहे. म्हणून मी तिला घालायला सांगितलं होतं, की तिला राहायचं असेल तोवर तिथून कोणी तिला उठवू नये. पण हे माझं मला सुचलं, की तिने बोलता बोलता माझ्या तोंडात घातलं, ते मला सकाळपासून आठवत नव्हतं. त्यात निघताना मुलाचा फोन आला. "तिच्याच दुकानात करतेयस? कर बापडे. फक्त डोळे उघडे ठेव."

"ते कलम दोन ओळींचं," मी म्हटलं. "दोन ओळींनी अख्खं पान वाढतं होय?"

"वाढतं, आई. ही चौकट एकसंध आहे. ती मध्ये तोडायची नाही, असं मी साच्याला सांगून ठेवलंय. पूर्वी तुटायची. सही एका पानावर, साक्षीदार दुसऱ्यावर. कचेरीतला साहेब कागद तोंडावर फेकायचा. आता जागा पुरली नाही की चौकट उचलून सबंध खाली जाते."

"बरं तुला हवं तसं ऐकतं ते."

"म्हणजे?"

"काही नाही. अक्षर बारीक कर, मावेल तिसऱ्यावर."

तिने केलं. पडद्यावर मुंग्यांची रांग लागली. मी चष्मा वर केला, खाली केला.

"हे मला वाचता येत नाही. न वाचता येणारं लिहितात ते फसवायलाच लिहितात."

"आजी, आमचा नंबर येणार का आज?" मागच्या बाकावरून एक रिक्षावाला म्हणाला. "भाडेकरार करायला आलो, तोवर घरमालक म्हातारा व्हायचा."

"होऊ दे. मग त्यालाही मृत्युपत्र लागेल, एकाच फेरीत काम होईल," मी म्हटलं. बाकावरचे हसले. लेक हसली नाही. तिने अक्षर पूर्वीसारखं केलं आणि छापलेली पानं माझ्यासमोर सरकवली.

"वाच. वाचायला मीच शिकवलंय ना तुला? मोठ्याने वाच. सगळ्यांना ऐकू दे, मी काय लबाडी केलीय ती."

मी वाचलं. बोट ठेवून, एकेक शब्द. माझं नाव बरोबर. खोल्या बरोबर, चतुःसीमा बरोबर. दोघांचे हिस्से सारखे. शेवटचं कलम मी बोलले होते तसंच, कानामात्रेचा फरक नाही. वाचून संपलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. पण नजर पुन्हा त्या चौथ्या पानावर गेली. हे एक पान काढून कोणी दुसऱ्याच तीन पानांना जोडलं तर? सही माझीच निघेल.

तोंडाने मी एवढंच म्हटलं, "सगळं ठीक आहे. पण हे पान नको."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग ती पडद्याकडे वळली, शेवटचं कलम निवडलं आणि एक बटण दाबलं. कलम गेलं. चौकट झपकन वर आली आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, मजकुराला चिकटून, नीट बसली.

"बघ," ती म्हणाली. "मी नसले की सगळं मावतं."

प्रिंटरने तीन पानं बाहेर टाकली. ती देखणी होती, हे कबूल करायला हवं. मला हवी होती तशीच, वर मजकूर, खाली सही, मध्ये बोट घालायला जागा नाही. तिने पेन उघडून माझ्या हातात दिलं.

"कर सही. दादालाही आवडेल."

मी पेन खाली ठेवलं. "ते परत घाल."

"कशाला? माझं मी बघून घेईन."

"कुठे बघशील? ट्रंक घेऊन कोणाच्या दारात जाशील?" आवाज माझ्या इच्छेपेक्षा मोठा निघाला. रिक्षावाल्याने मान खाली घातली. "घाल म्हणते ना. आणि चौकट जाईल तिथे जाऊ दे."

बराच वेळ तिने माउसला हात लावला नाही. मालक आतून डोकावला, साक्षीदार म्हणून त्याला आणि शेजारच्या शिक्केवाल्याला थांबवून ठेवलं होतं. आमच्याकडे पाहून तो पुन्हा आत गेला.

मग तिने कलम परत आणलं. त्यानंतर आणखी काहीतरी केलं. काय करतेस, असं मी विचारायच्या आत स्वतःच म्हणाली, पण मला नाही, पडद्याला सांगितल्यासारखं, "हे कलम आता चौकटीला बांधलंय. चौकट जिथे जाईल तिथे हेही जाईल. एकटं पान राहणार नाही."

पानं आली. चौथ्या पानावर वर तिचं कलम, खाली माझ्या सहीची रेघ. तिसऱ्या पानाच्या तळाशी मात्र आता चार बोटं जागा रिकामी उरली होती. माझी नजर तिथे गेली. मी गप्प राहायचं ठरवलं होतं आणि गप्पच राहिले.

लेकीने फूटपट्टी घेतली. रिकाम्या जागेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारली, कोणाला तिथे एक अक्षरही घुसडता येऊ नये अशी. मग मालकाला आणि शिक्केवाल्याला हाक मारली आणि कागद माझ्याकडे वळवला.

मी सही करायला लागले. मला वेळ लागतो. पंख्याने पान उडत होतं, म्हणून तिने त्याचा कोपरा एका बोटाने दाबून धरला. माझं नाव पुरं होईपर्यंत ते बोट तिथेच होतं. तिची नजर मात्र बाकाकडे होती, आता कोणाचा नंबर आहे ते पाहत.