अकरा खोडलेले आकडे

मित्रांनो, सिस्टरांच्या टेबलाच्या खालच्या खणात, संपलेल्या पेनांच्या शेजारी मी पडून असतो. मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. बोटावरचा रक्ताचा थेंब चाखायचा आणि अंगात साखर किती ते सांगायचं, एवढंच मला येतं. गोड बोलणं मला कधी जमलं नाही.

कारखान्यातून आम्ही चाळीस भावंडं एकाच खोक्यातून या दवाखान्यात आलो. इथे आतड्याच्या जुन्या सुजेवरच्या नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. त्यातल्या मधुमेही रोग्यांना आमच्यापैकी एकेक मिळाला. रोज चार वेळा साखर मोजायची, आकडा वहीत लिहायचा आणि दर महिन्याला वही नि यंत्र दोन्ही घेऊन यायचं, असा नियम होता.

माझ्या वाट्याला शिंपीकाम करणारे मास्तर आले. शिवणात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण पोटाने त्यांना जेरीस आणलं होतं. एक सदरा बेतायचा तर मध्ये चार वेळा उठून धावावं लागे. नव्या औषधाने ते दोन महिन्यांत थांबलं. मास्तर सलग दोन तास मशीनवर बसू लागले. खुशीत येऊन त्यांनी मला फ्लॅनेलची पिशवी शिवली, आतून अस्तर लावून. इतके लाड माझे पुन्हा झाले नाहीत.

मग डॉक्टरीणबाईंनी सुजेवरच्या जुन्या गोळ्या कमी केल्या. त्या गोळ्या साखर वाढवत असत. त्या कमी झाल्या, इन्सुलिन मात्र तेवढंच राहिलं आणि साखर खाली घसरू लागली. एका दुपारी मी बावन्न दाखवलं. सत्तरच्या खाली गेलं की धोका असतो. मास्तर साखरपाणी प्यायले, घाम पुसला आणि वहीत ब्याण्णव लिहिलं. मला वाटलं, चष्मा नसेल. पण चष्मा नाकावरच होता.

असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी कापड कापताना त्यांची कात्री खडूची रेघ सोडून भलतीकडेच गेली. बायकोने हाक मारली, तर ओ द्यायचंही त्यांना सुचेना. तिने त्यांचं बोट टोचून थेंब मला लावला. एकेचाळीस. तिने साखरपाण्याचा पेला त्यांच्या ओठांशी धरला आणि घोट घोट पाजलं.

भानावर आल्यावर मास्तर म्हणाले, "दवाखान्यात बोलू नकोस. अभ्यासातून काढतील मला. पुन्हा ते धावणं नाही सोसायचं." त्या दिवशीची ओळ वहीत कोरीच राहिली.

महिना भरला. "मशीन घरी राहिलं," मास्तरांनी सिस्टरांना सांगितलं. बायकोने पर्स उघडली आणि मला टेबलावर ठेवलं. सिस्टरांनी बटण दाबलं. माझ्या पोटात काही राहत नाही, सगळे जुने आकडे मी भडाभडा सांगून टाकले. पिशवी शिवणाऱ्याचीच चहाडी करताना मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरीणबाई वही आणि माझे आकडे ताडून बघत म्हणाल्या, "काका, काढत नाही तुम्हाला. इन्सुलिन तेवढं कमी करायला हवं होतं. पण वहीत सगळं झकास, मग आम्हाला कळणार कसं? बाकीच्यांनाही हाच त्रास होत असेल."

अभ्यासाच्या वहीत चुकीचा आकडा पुसत नाहीत. त्यावर एकच रेघ मारतात, खालचं वाचता यावं अशी, आणि शेजारी खरा आकडा लिहून सही करतात.

"उसवलं तरी भोकं दिसतातच," मास्तर पुटपुटले. त्यांनी अकरा आकडे खोडले, अकरा सह्या केल्या. कोऱ्या ओळीत एकेचाळीस लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'बायको जवळ होती.'

त्याच आठवड्यात सिस्टरांनी बाकीची एकोणचाळीस यंत्रंही मागवून तपासली. सहा जणांचं इन्सुलिन कमी झालं.

आता मास्तरांच्या दंडाला बोट न टोचता साखर मोजणारं नवं यंत्र चिकटलेलं असतं आणि मी खणात असतो, पिशवीसकट. मित्रांनो, तुमच्या घरी माझं एखादं भावंड असेल तर त्याचे सेल वेळेवर बदला. घरातलं कोणी आकडा लपवत असेल, तर त्याच्यावर रागावू नका. त्याला भीती कशाची वाटते, ते आधी विचारा. ते विचारणं मला येत नाही.